"एवढं शिकलो, मग मीच कमी का पडतो?"

हा प्रश्न समुपदेशन करताना मी इतक्यांदा ऐकलाय की दारातून येणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं आता. बहुतेकदा घरातला पहिलाच डिग्रीवाला किंवा डिग्रीवाली. मार्क चांगले, आणि मुलाखतीत दातखीळ.

असाच एक मुलगा आला होता. आठ-नऊ सेशन झाले, त्यातलं एवढंच सांगते.

"टेक्निकल राऊंड निघतो मॅडम. मग ते गप्पा मारायला लागतात, फिरायला कुठे जाता, काय वाचता. बाकीची पोरं हसून बोलतात. मी नुसतं सर सर करत बसतो."

"हे सर सर कुठे शिकलास?"

"शाळेत. गप्प बसलं की शाबासकी मिळायची."

"आणि ती पोरं बोलायला कुठे शिकली?"

बराच वेळ गप्प. मीही गप्प, अशा वेळी मध्ये बोलायचं नाही हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

"घरी..." मग एकदम मान वर करून, "म्हणजे मला जे कुणी शिकवलंच नाही त्याचे ते मार्क देतायत?"

हेच! पियर बोर्दियू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं घरी आपोआप शिकलेल्या अशा बोलण्या-वागण्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. पैशासारखंच तेही घरातून वारशानं मिळतं, पण शाळा त्याला हुशारी समजते. बोर्दियू स्वतः गावाकडच्या पोस्टात काम करणाऱ्याचा मुलगा होता, पॅरिसच्या नामांकित संस्थेत शिकला, त्यामुळे हे त्यानं अंगावर झेललेलं. बोल्स आणि गिंटिस या अर्थतज्ज्ञांनी 1976 मध्ये आणखी पुढचं मांडलं, की शाळेची घडी कारखान्यासारखीच असते, वरच्याचं ऐका, कामात मन नसलं तरी मार्कांसाठी राबा, जसं पुढे पगारासाठी राबायचं असतं.

खरं सांगू, आधी मीसुद्धा "कॉन्फिडन्स वाढव" एवढंच सांगायचे, म्हणजे दोष परत त्याच्याच माथी. आता सांगते की गप्पा मारणं हे कौशल्य आहे, गाडी चालवण्यासारखं, ते शिक, सोबत्यांबरोबर मोठ्यानं बोलून सराव कर, पण ते येत नाही म्हणून स्वतःला ढ समजू नकोस आणि आईवडिलांची लाज तर अजिबात बाळगू नकोस. आणि तुझ्यासारखेच अडकलेले दोघं-चौघं शोध, एकट्याला हे सगळं आपलंच वैगुण्य वाटत राहतं.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "याही वेळी नाही झालं मॅडम. पण या वेळी त्यांना मीच विचारलं, पगार कशावर ठरवता? आणि रात्री झोप लागली."