वाचक विचारतात: डाकोटा अजून उडतंय कसं?

मागच्या वेळी जाता जाता डाकोटा विमानाचा विषय निघाला आणि त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. बाकीच्यांनी जरा दम धरा.

आमची १५ वर्षांची गाडी भंगारात काढा म्हणून सगळे मागे लागलेत आणि तुम्ही म्हणता १९३५चं विमान अजून उडतं? पटत नाही. – एक वाचक, नाशिक

आधी एक दुरुस्ती. १९३५ हे पहिल्या उड्डाणाचं साल, १७ डिसेंबरला कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला डग्लस कंपनीचं डीसी-३, म्हणजे आपलं डाकोटा, पहिल्यांदा उडालं. आज जी उडतायत ती बहुतेक दुसऱ्या महायुद्धातली, म्हणजे ऐंशी पार केलेली. नागरी वापरासाठी बनली फक्त ६०७, पण लष्करी सी-४७ वगैरे धरून एकट्या अमेरिकेत आकडा दहा हजारांवर गेला आणि इंग्रजांनी त्याला डाकोटा नाव दिलं, तेच आपल्याकडे रुळलं.

आता टिकतं का ते. हल्लीच्या जेटमधे केबिनमधे हवा दाबून भरतात, म्हणजे दर उड्डाणाला विमानाचं अंग जरासं फुगतं आणि उतरलं की बसतं, आणि हे हजारो वेळा झालं की पत्रा थकतो, आपण तार वाकवून वाकवून तोडतो ना तसंच. १९५४ मधे ब्रिटिशांची कॉमेट जेट हवेत फुटली ती ह्याच कारणाने. डाकोटात हवा भरायची भानगडच नाही, ते कमी उंचीवरूनच उडतं, त्यामुळे पत्र्याला तो त्रास नाही. शिवाय पंखाचा भार एका तुळईवर न टाकता तीन तुळया आणि कप्प्याकप्प्यांच्या जाळीवर वाटलेला आहे, त्या काळी हिशोब करायला कॉम्प्युटर नव्हते म्हणून इंजिनियर लोकांनी हात सैल सोडून मजबुती दिली असं माझं मत. खरा शत्रू गंज. तो खरवडायचा, पत्रा बदलायचा, रिबिट मारायचे, पुढे चालू. आजीच्या गोधडीसारखं आहे हो ते, कुठलं ठिगळ मूळचं ते शेवटी कोणालाच सांगता येत नाही.

आजोबा टपाल खात्यात होते, ते सांगायचे की इथल्या सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री चार दिशांची विमानं एकत्र यायची. आम्हाला ती थाप वाटायची. – एक वाचक, नागपूर

आजोबांच्या फोटोसमोर उभं राहून माफी मागा! १९४९ मधे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री एकेक विमान निघायचं, मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरला उतरायची, टपालाच्या थैल्या ह्यातून त्यात, त्यातून ह्यात, आणि पहाटे जो तो आपल्या गावी परत. मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. सुरुवातीच्या ह्या सेवेत डाकोटा होतीच, आणि थैल्यांच्या सोबतीने प्रवासीही बसायचे. सगळं एका जागी आणून मग वाटायचं ही युक्ती म्हटली की लोक अमेरिकेतल्या फेडेक्स ह्या कुरियर कंपनीचं नाव घेतात, पण त्यांचं मेम्फिसचं केंद्र सुरू झालं १९७३ला. नागपूर २४ वर्षं आधी. संत्र्यांसोबत हेही मिरवा की.

आणि इतकी डाकोटा आपल्याकडे आली कुठून, तर युद्ध संपल्यावर अमेरिकन लोक ती इथेच टाकून गेले, स्वस्तात विकली गेली, बंगळुरूला एचएएल ह्या विमान कारखान्याने ती प्रवासी वापराची करून दिली. म्हणून तर त्या काळात विमान कंपन्यांचं पीक आलं.

कॅनडातल्या यलोनाइफला गेलो होतो तिथे बफेलो एअरवेजचं डीसी-३ पाहिलं. उणे ३० मधे ते सुरू कसं करतात? – एक वाचक, एडमंटन

सोपं नाहीये. इंजिनात १४ सिलिंडर गोलाकार लावलेले, थंडीत तेल काकवीसारखं घट्ट होतं. म्हणून रात्री इंजिनांवर रजया चढवून हीटर लावतात, आणि काही इंजिनांत बंद करायच्या आधी तेलातच थोडं पेट्रोल सोडायची सोय असते म्हणजे सकाळी ते पातळ राहतं, नंतर गरम झालं की पेट्रोल उडून जातं.

मी उमेदवारीत असताना असल्या गोल इंजिनावर हात काळे केलेत. स्टार्टर दाबायच्या आधी पंख्याची पाती हाताने ढकलत मोजायची, कारण रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरलेलं असतं आणि तसंच सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकलाच. पातं मधेच अडलं की जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून तेल काढायचं. आमचे उस्ताद म्हणायचे, इंजिनाखाली तेलाचे थेंब दिसले तर काळजी नाही, नाही दिसले तर टाकी बघ, रिकामी असेल.

खरी अडचण आता पेट्रोलची. ह्याला विमानाचं खास पेट्रोल लागतं, तासाला साडेतीनशे लिटरच्या आसपास, आणि ते सगळीकडे मिळत नाही. म्हणून अमेरिकेत ऑशकॉशला बासलर नावाची कंपनी जुनं डीसी-३ घेऊन त्याला टर्बाइन इंजिनं लावते, धड मीटरभर लांब करते, आणि मग ते जेटच्या रॉकेलवर चालतं. अंटार्क्टिकात पायांना स्की लावून शास्त्रज्ञांना नेणारी काही विमानं हीच.

हवाई दलाचं ‘परशुराम’ हे १९४७ला श्रीनगरला उतरलेलंच विमान का? – एक वाचक, पुणे

नाही. नंबर तो, विमान वेगळं. २७ ऑक्टोबर १९४७ला १ शीख पलटणीच्या जवानांना घेऊन गेलेल्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा नंबर सन्मान म्हणून दिलाय. हे विमान २०११ मधे आयर्लंडमधे भंगारात सापडलं, तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिलं, त्यांचे वडील डाकोटाचे पायलट होते. एप्रिल २०१८ मधे ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून टप्पे घेत घेत स्वतःच्या पंखांवर जामनगरला आलं. ट्रकवर घालून आणलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती, पण मग मजा काय.

आत बसल्यावर कसं वाटतं? – इयत्ता सातवी, कोल्हापूर

शेपटीखाली छोटं चाक असल्याने जमिनीवर असताना विमान नाक वर करून बसतं, म्हणजे दारातून आत आलास की पुढच्या सीटपर्यंत चढ चढायचा. आवाज भरपूर. आणि पाऊस असेल तर पायलटच्या मांडीवर प्लास्टिकचा कागद दिसेल, पुढची काच गळते. नव्यातही गळायची म्हणतात.