वाचकांचे प्रश्न : एसीच्या तांब्याच्या नळ्या

प्रश्न : आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात असून जुन्या दगडी बांधणीचे आहे. तळमजल्यावरच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवायचा आहे. गल्लीत जागा नसल्यामुळे बाहेरचे यंत्र गच्चीवर ठेवावे लागेल आणि त्यासाठी सुमारे १२ मीटर नळी लागेल, असे मोजमाप निघाले. मिस्त्रींचे म्हणणे असे, की व्हॅक्यूम पंप आणण्याची गरज नाही. यंत्रातला थोडा गॅस सोडला की नळीतली हवा आपोआप बाहेर पडते आणि काम अर्ध्या तासात उरकते. नळी एवढी लांब चालेल का, आणि हवा काढण्याची ही रीत योग्य आहे का? – एक वाचिका, ग्वाल्हेर

उत्तर : लांबीचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. दीड टनाच्या अनेक यंत्रांना १२ मीटर चालतात. तरीही नळीची कमाल लांबी आणि आतल्या व बाहेरच्या यंत्रांमधील उंचीचा कमाल फरक हे दोन आकडे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय गच्चीचा निर्णय घेऊ नये. कारखान्यात भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो. समजा, तो ७.५ मीटरपर्यंत पुरतो आणि पुढच्या प्रत्येक मीटरला २० ग्रॅम वाढवावेत असे पुस्तिकेत लिहिले आहे. तर आपल्या नळीसाठी ९० ग्रॅम अधिक लागतील. हा गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरावा. नळीला हात लावून ‘आता बरोबर झाले’ असे सांगण्याची पद्धत इन्व्हर्टर यंत्राला लागू पडत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर स्वतःचा वेग बदलत राहतो आणि हाताला लागणारा थंडावाही त्याबरोबर बदलतो.

आता हवेबद्दल. गॅस सोडून हवा ढकलण्याची रीत जुन्या आर-२२ गॅसच्या काळापासून चालत आली आहे आणि तिने हवेचा मोठा भाग खरोखरच बाहेर जातो. जात नाही तो नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला ओलावा. व्हॅक्यूम पंपाचे खरे काम हा ओलावा काढण्याचे आहे. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका धरतात. तो २४ मिलिमीटरच्या आसपास उतरला की पाणी २५ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. पंप दाब त्याहूनही खूप खाली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणतो, तेव्हा नळीतल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर ओढली जाते. या अर्ध्या मिलिमीटरलाच कारागीर ‘५०० मायक्रॉन’ म्हणतात.

ओलावा आत राहिला तर तो गॅसचा दाब उतरवणाऱ्या सूक्ष्म छिद्रापाशी गोठून गॅसची वाट अडवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे आजच्या आर-३२ किंवा आर-४१०ए च्या यंत्रांत साधारणतः जे कृत्रिम तेल असते, ते पाणी झपाट्याने शोषते आणि त्या पाण्याशी संयोग होऊन त्यात आम्ल तयार होते. हे आम्ल कॉम्प्रेसरच्या मोटारीच्या तारांवरचे वेष्टण हळूहळू खाते. पहिल्या उन्हाळ्यात काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच ही रीत टिकून आहे. माझ्या घरच्या पहिल्या एसीच्या वेळी मीही अर्ध्या तासाच्या कामाला मान डोलावली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जळाला आणि त्यातून निघालेल्या काळ्या तेलाचा उग्र वास दोन दिवस अंगणात राहिला. दोष त्याच कामाचा होता हे मी सिद्ध करू शकणार नाही, पण तेव्हापासून पंप पाहिल्याशिवाय मी कोणाला नट आवळू देत नाही. शिवाय आर-३२ हा सौम्य ज्वलनशील वायू आहे. तो मुद्दाम हवेत सोडणे हे वातावरणाच्या दृष्टीने चूक आहे आणि बंद खोलीत तर धोक्याचेही आहे.

तेव्हा मिस्त्रींना क्रम असा सांगावा : नळी जोडून झाली की प्रथम नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहावे आणि प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे. सिलिंडर हाताशी आहे म्हणून कोणी ऑक्सिजन भरू लागल्यास काम तिथेच थांबवावे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. दाब टिकल्याची खात्री पटली की नायट्रोजन सोडून पंप लावावा. दाब दाखवणाऱ्या साध्या गेजचा काटा उणे ३० इंचांवर टेकला म्हणजे झाले असे मानू नये, कारण २० मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांतला फरक त्या काट्यावर दिसतच नाही. त्यासाठी मायक्रॉन गेज लागते. ५०० च्या खाली आल्यावर पंपाकडचा व्हॉल्व्ह मिटून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. आकडा चढून एखाद्या ठिकाणी स्थिरावला तर आत ओलावा शिल्लक आहे, आणि सारखा चढतच राहिला तर सांधा गळतो आहे. अक्षरशः कुठे पाणी मुरते आहे हे सांगणारे याहून चांगले साधन नाही. हे सारे झाल्यावरच अधिकचा गॅस भरून एलन कीने बाहेरच्या यंत्राचे व्हॉल्व्ह उघडावेत.

सांध्यांविषयीही थोडे लिहितो, कारण बहुतेक गळती तिथेच होते. नळी करवतीने कापू नये, पाइप कटरने कापावी. आतली धार रीमरने काढताना नळीचे तोंड खाली धरावे, म्हणजे कीस आत पडत नाही. फ्लेअर करण्याआधी, म्हणजे नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरवण्याआधी, नट नळीत ओवायचा असतो, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. नट नेहमी दोन पान्यांनी आणि शक्य तर टॉर्क पान्याने (किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळावा : पाव इंचाच्या नळीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचाच्या नळीला ४९ ते ६१. जोर लावून आवळलेला फ्लेअर चिरतो आणि ती चीर पुढच्या मे महिन्यात बोलते. ४५ अंशांच्या दुपारी यंत्र बंद असले तरी आर-३२ चा दाब सुमारे २७ बारपर्यंत जातो, म्हणजे त्याच तापमानाच्या आर-२२ च्या दीडपटीहून अधिक. म्हणूनच जुन्या एसीची नळी आणि जुने फ्लेअर नव्या यंत्राला जोडू नयेत.

आपल्या घरापुरती एक खास सूचना. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या या लष्करातल्या जुन्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या आहेत आणि त्यांना भोक पाडताना वालुकाश्माची बारीक पूड सगळीकडे उडते. भिंतीतून ओढण्यापूर्वी नळीची दोन्ही टोके टोपणाने किंवा चिकटपट्टीने बंद करावीत. चिमूटभर पूडही आतली सूक्ष्म वाट बुजवायला पुरेशी असते. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे. आपल्या नळ्या वर गच्चीकडे जाणार असल्यामुळे पावसाचे पाणी त्यांच्यावरून ओघळून घरात येऊ शकते. म्हणून भोकातून बाहेर पडताच नळ्यांना आधी खाली झोळ द्यावा आणि मगच वर न्यावे. खोलीतल्या यंत्राचे पाणी वाहून नेणारी नळी मात्र त्यांच्याबरोबर वर जाणार नाही, तिला सलग उताराची वेगळी वाट लागेल. हे आजच ठरवून घ्यावे.

प्रश्न : नवीन एसीच्या खाली भिंतीवर ओलसर डाग पडले आहेत. गॅस गळत नाही, पाण्याची नळीही साफ आहे. जाड नळीवर फोम चढवला आहे. बारीक नळी ‘गरम असते’ म्हणून उघडी ठेवली आहे. – एक वाचक, मुरार

उत्तर : डागांचे कारण ती उघडी नळीच असावी. घरगुती फ्रिजच्या किंवा मोठ्या केंद्रीय यंत्रणेच्या सवयीने बारीक नळीला गरम म्हटले जाते. पण बहुतेक घरगुती स्प्लिट एसींत गॅसचा दाब उतरवणारा भाग बाहेरच्या यंत्रातच असतो, त्यामुळे बारीक नळीतूनही थंड झालेलाच द्रव आत येतो आणि पावसाळी हवेत ती घामेजते. दोन्ही नळ्यांवर स्वतंत्र नळकांडी आवरण असावे. दोघींना मिळून एकाच आवरणात गुंडाळू नये. सांध्यांवरचे आवरण गळतीची तपासणी झाल्यावर चढवावे आणि उन्हात राहणाऱ्या भागावर पट्टी गुंडाळावी, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो.

प्रश्न : हिवाळ्यातल्या धुक्याच्या दिवसांसाठी गरम-थंड दोन्ही करणारा एसी घ्यावा असे वाटते. नळ्यांच्या कामात काही फरक पडतो का? – एक वाचिका, ठाटीपूर

उत्तर : पडतो, आणि तो आवरणात पडतो. अशा यंत्रातला प्रवाह उलटवणारा व्हॉल्व्ह हिवाळ्यात गॅसची दिशा फिरवतो. मग जाड नळीतून थंड वायूऐवजी कॉम्प्रेसरमधून निघालेला तापलेला, जास्त दाबाचा वायू घरात येतो. स्वस्त पांढरा फोम त्या उष्णतेने आकसतो, म्हणून काळ्या नायट्राइल रबराचे आवरण मागावे. फ्लेअर काळजीपूर्वक करण्याचे कारणही इथे दुप्पट होते. डिसेंबर-जानेवारीच्या दमट पहाटे बाहेरच्या यंत्रावर बर्फ धरतो आणि यंत्र तो अधूनमधून स्वतःच वितळवते; त्या वेळी काही मिनिटे गरम हवा थांबली तर तक्रार नोंदवायची घाई करू नये, मात्र ते पाणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर पडणार नाही असे पाहावे. विजेचा विचार केला, तर साध्या हीटरपेक्षा हे यंत्र एका युनिटमागे दोन-तीनपट उष्णता घरात आणते.

प्रश्न : घर बदलताना एसी काढायचा आहे. आतला गॅस वाचतो का? आणि दरवर्षी गॅस भरावाच लागतो का? – एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे, आणि ती जागा शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅसही त्याच वाटेने जाईल. काढताना मात्र तो वाचवता येतो. यंत्र थंड करण्याच्या स्थितीत चालवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करतात, गॅस बाहेरच्या यंत्रात गोळा झाला की जाड नळीचाही बंद करतात आणि लगेच वीज तोडतात. कॉम्प्रेसर चालू असताना नट सैल करू नये. हवा आत ओढली जाऊन तेलासह दाबली गेली तर कॉम्प्रेसर फुटतो. गळक्या यंत्रावर हा प्रयोग मुळीच करू नये आणि काम चालू असताना मुलांना गच्चीवर जाऊ देऊ नये.