कॉलेजचा फुटबॉल कोच: नोकरी की नुसता हंगाम?

"पोरगं खेळायचं तेव्हा मी कधी आडवं आलो नाही म्याडम. पण आता म्हणतंय, कॉलेजात कोच होणार. आमच्यात मॅच हरली की पहिल्या शिव्या कोचला. आम्हीच घालतो की!"

वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. फायनलला हक्काची रजा टाकून शाहू स्टेडियमला जाणारे. कोल्हापुरात फुटबॉलला विरोध करणारा बाप तसा विरळाच. हेही फुटबॉलच्या विरोधात नव्हते. अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा आपलं पोरगंही जाईल असं त्यांना वाटलं होतं. मुलगा तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या संघातून राइट विंगला खेळायचा. बीएच्या दुसऱ्या वर्षाला गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, पुढे वर्षभर मैदानाबाहेर. त्या काळात जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या संघाला शिकवायला लागला आणि तिथेच रमला. माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले तेव्हा मुलगा बीएच्या शेवटच्या वर्षाला, एक विषय राहिलेला. (दोघांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

"कॉलेजात फुटबॉल कोचची पर्मनंट नोकरी असते का?" हा प्रश्न मला दर वर्षी निकालाच्या सुमाराला चार-पाच घरांतून येतो. पहिल्या बैठकीत त्याचं उत्तर देताना मी चूक केली. कॉलेजातलं कायम पद म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक, जिमखान्याचे सर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे त्याला सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. हा आकडा मी आधी सांगितला. वडिलांचा चेहरा असा उजळला की पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. जाताना जिन्यात कुणाला तरी फोनवर "सत्तावन्न हजार" सांगत होते.

पुढच्या आठवड्यात सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत फुटबॉल कोच हे पदच नसतं. असतात ते जिमखान्याचे सर. त्यांना क्रिकेट, कबड्डी, ॲथलेटिक्स, खेळाडूंच्या याद्या आणि प्रवासखर्चाची बिलं, सगळंच बघायचं असतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की ते ओळखीतल्या एखाद्या जुन्या खेळाडूला मानधनावर बोलावतात. स्पर्धा संपली की मानधनही संपलं. हा मुलगा नेमका तसाच बोलावलेला होता.

जिमखान्याचे सर व्हायचं तर बीए, मग दोन वर्षं बीपीएड (शारीरिक शिक्षणातली पदवी), दोन वर्षं एमपीएड (त्याच्या पुढची पदव्युत्तर), त्यात किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. विद्यापीठ किंवा कॉलेजकडून खेळल्याचा पुरावा लागतो, शारीरिक क्षमता चाचणीही द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर. हे ऐकून मुलाने नकळत गुडघ्यावर हात ठेवला. एवढं सगळं करूनही जागा निघतील तेव्हा खरं. तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशावर, वर्षं काढतात, हेही वडिलांसमोर स्पष्ट बोलले. ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

दुसरी वाट कोचिंगच्या लायसन्सची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. एक झालं की लगेच दुसरं, असं होत नाही. मध्ये संघ घेऊन काम केलेलं दाखवावं लागतं. फी बहुतेकदा खिशातून. या वाटेवर अकादमी, शाळा, क्लब भेटतात. पगार मोठा नसतो, पण काम पावसाळा सोडून चालू राहतं. खालिद जमीलचं नाव मुलानेच काढलं. दुखापतींनी बेजार झालेला खेळाडू २००९ मध्ये मुंबई एफसीचा कोच होतो, २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकून देतो आणि २०२५ मध्ये भारतीय संघाचा कोच होतो. उदाहरण खरं आहे. पण असं एक नाव घेताना, गावोगावच्या मैदानांवर सी लायसन्सवर थांबलेली माणसंही डोळ्यांसमोर ठेव, एवढं मी त्याला म्हटलं.

माझ्या मनात मात्र एक वेगळाच प्रश्न होता: याला कोच व्हायचंय, की फुटबॉल सुटत नाही म्हणून कोच व्हायचंय? अभिरुची चाचणीतून हे कळत नाही. त्याला म्हटलं, सरावाची वही असेल तर घेऊन ये.

वही शंभरपानी, घामाने कडा फुगलेल्या. पहिली पानं व्यूहरचनांच्या बाणांनी भरलेली. ती कुणीही काढतो. मधल्या एका पानावर मुलांची नावं आणि पुढे उभ्या काड्या. कुणाचा पाय बॉलला किती वेळा लागला, ते याने वीस मिनिटं मोजलं होतं. एका मुलापुढे चारच काड्या. खाली पेन्सिलने लिहिलेलं: 'हा वाईट खेळत नाही, याला बॉलच येत नाही.' पुढच्या पानावर अर्धंच मैदान, चार विरुद्ध चार, त्याच मुलापुढे एकतीस काड्या.

ते पान मी वडिलांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला, काड्यांवरून बोट फिरवत मोजलं. मग विचारलं, "हे चारवालं पोरगं कुणाचं रे?" मुलगा सांगायला लागला आणि दोघं माझ्याकडे पाठ करून दहा मिनिटं बोलत बसले. मी चहा सांगितला.

मग ठरलं ते असं. आधी राहिलेला विषय सोडवायचा. दोन्ही वाटांना उपयोगी पडतं ते बीपीएड, शाळेतली नोकरीही त्यावरच मिळते, म्हणून त्याच्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरायचा. तिथेही मैदानी चाचणी असते, तेव्हा फिजिओथेरपिस्टने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय धावायचं नाही. डीचा कोर्स त्याच वर्षी करायचा, आणि फी मुलाच्या मानधनातून. हा आग्रह माझा; वडील द्यायला तयार होते. एमपीएड आणि सेटचं आत्ताच ठरवायचं नाही. आईचा एकच प्रश्न उरला, लग्नाच्या बायोडाटात काय लिहायचं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

यंदा तो बीपीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डी झालं, सीसाठी नाव दिलंय. सकाळी एका शाळेत, संध्याकाळी तालमीच्या पोरांबरोबर. परवा वडील भाजी मंडईत भेटले. मुलगा सहायक कोच म्हणून बाकावर होता ती पहिलीच मॅच तीन-एकने हरली, म्हणाले.

"मग? शिव्या घातल्या?"

"घातल्या की," कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबत म्हणाले, "पलीकडच्या कोचला."