वाचकांचे प्रश्न : स्वातंत्र्यदेवीच्या देशात चिन्यांना बंदी कशी?

प्रश्न : सर, माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पाला त्याने 'स्थलांतरितांचा देश अमेरिका' हा विषय घेतला. चिनी मजुरांवर बंदी घालणारा कायदा १८८२ चा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ चा, हे वाचून तो गोंधळलाय. तेव्हाच्या अमेरिकेला बाहेरची माणसं हवी होती की नको होती? आमच्याकडे केळीच्या कामाला सातपुड्यापलीकडून मजूर येतात, तेव्हा गावातही 'यांच्यामुळे मजुरी पडली' असं बोलतात. तिथलं तसंच होतं का?
– एक वाचक, निंभोरा (ता. रावेर)

उत्तर : ताई, त्याला आधी एकाच माणसाकडे बघायला सांगा, ग्रोव्हर क्लीव्हलंडकडे. २८ ऑक्टोबर १८८६ ला न्यूयॉर्कच्या बंदरात पुतळ्याचं लोकार्पण झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून समारंभात तोच होता. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, १ ऑक्टोबर १८८८ ला, स्कॉट कायद्यावर सही केली तीही त्यानेच. १८८२ च्या कायद्याने नवे चिनी मजूर यायचे थांबले होते, पण आधीपासून राहणाऱ्याला दाखला घेऊन मायदेशी जाऊन येता येत असे. स्कॉट कायद्याने ते दाखलेच रद्द केले. सुमारे २०,००० माणसं त्या दाखल्यांच्या भरवशावर देशाबाहेर होती.

चे चान पिंग त्यांतलाच. १८७५ पासून बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राबलेला. १८८७ ला रीतसर दाखला घेऊन घरी गेला आणि परतताना समुद्रात असतानाच कायदा झाला. ८ ऑक्टोबरला 'बेल्जिक' जहाज बंदराला लागलं. त्याने दाखला पुढे केला, पण उतरू दिलं नाही. १८८९ ला सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्याविरुद्धच निकाल दिला.

हे वाचलं की मला आमचा ओटा दिसतो. वडील सुरतेला लूमवर होते, उधन्याला भाड्याची खोली. आखाजीला गावी आलो, आठ दिवसांनी परत गेलो, तर दाराला दुसरंच कुलूप. महिन्याचं भाडं भरलेलं होतं. गोधड्या, पितळी डबा, मायचा पाटा-वरवंटा असं सगळं बाहेर मांडून ठेवलेलं. मालक म्हणाला, 'खानदेशींना ठेवायचं नाही असं गल्लीत ठरलंय.' तोही दहा-पंधरा वर्षांपूर्वी बाहेरगावाहूनच सुरतेत आलेला. मी सात वर्षांचा होतो. माय पाट्यावर हात ठेवून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होती.

म्हणून डेनिस कर्नी मला ओळखीचा वाटतो. १८७७ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने मजुरांचा पक्ष उभा केला. 'चिन्यांनी चालतं व्हावं' ही त्याची घोषणा, आणि कर्नी स्वतः जन्मला आयर्लंडमध्ये. जेमतेम वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आयरिश कॅथलिकांविरुद्ध अमेरिकेत अख्खा पक्ष निघाला होता.

आता मजुरीचं. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून सेंट्रल पॅसिफिक रेल्वे आणली ती मुख्यतः चिनी मजुरांनी. त्यांना गोऱ्यांपेक्षा कमी पैसे मिळत. 'ते स्वस्तात राबतात' हा पुढे सगळ्यात मोठा आरोप झाला, पण जून १८६७ मध्ये याच मजुरांनी गोऱ्यांइतकी मजुरी मागत संप केला होता! कंपनीने डोंगरातल्या छावण्यांचं धान्य अडवलं आणि आठवड्याभरात संप मोडला. म्हणजे स्वस्तात कोण राबवून घेत होतं? १८६९ ला रेल्वे पुरी झाली, १८७३ ला मंदी आली, आणि बेकारांचा राग कंपनीवर न जाता शेजारच्या चिन्यावर गेला. २ सप्टेंबर १८८५ ला वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जमध्ये गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगार मारले. त्या गोऱ्यांतही बरेच जण युरोपातून आलेले होते.

सगळेच असे होते, असं मुलाला वाटू देऊ नका. मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर जॉर्ज हॉर १८८२ च्या कायद्याविरुद्ध उभा राहिला. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून सुटला होता, त्याने १८६९ मध्येच चिन्यांना येऊ द्या म्हणून भाषण केलं होतं.

युरोपातून येणाऱ्यांना दार उघडं होतं, पण प्रेमाने नव्हे. न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ ला जमावाने ११ इटालियनांना ठार केलं. ज्यांच्यावर खटला चालला होता, त्यांतल्या एकालाही न्यायालयाने दोषी धरलं नव्हतं. पुढे वाचता न येणाऱ्याला देशात घेऊ नये असं विधेयक संसदेत मंजूर झालं. १८९७ ला ते राष्ट्राध्यक्षाने नाकारलं. हा राष्ट्राध्यक्ष पुन्हा क्लीव्हलंडच. युरोपातल्या निरक्षरासाठी तो उभा राहिला, चे चान पिंगसाठी नाही.

प्रकल्पात पुतळ्याशेजारी 'बेल्जिक' जहाजाचं चित्र काढायला सांगा. आणि एका सकाळी त्याला केळीच्या बागेत पाठवा. सातपुड्यापलीकडच्या मजुराला दिवसाचे किती मिळतात, गावातल्याला किती, आणि हे आकडे ठरवतो कोण, एवढं विचारून त्याने वहीत लिहून घ्यावं. मलाही कळवा.