फेब्रुवारी लागला, विदर्भातल्या गावात घरामागे कोणता भाजीपाला लावावा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून बदली होऊन दारव्हा तालुक्यात आलात, घरामागे 10 बाय 15 फूट जागा आहे, माती काळी, नळ दिवसाआड, आणि व्हिडिओ पाहून यादी केली ती फुलकोबी, गाजर, टमाटर अन शिमला मिरचीची. मी याच जिल्ह्यातला, वावर आहे आणि घरामागच्या सांदवाडीत बाराही महिने काही ना काही लावलेलं असते, म्हणून लिहितो.

पहिले ती यादी बाजूला ठेवा. व्हिडिओवाले ज्या स्प्रिंगबद्दल बोलतात तिकडे थंडी गेली की ऊब येते आणि पुढं निवांत दोन-तीन महिने मिळतात. आपल्याकडे पळस फुलला म्हणजे उन्हाळा येऊन टेकलाच. आज दुपारी 30-32 आहे, बरं वाटते, पण एप्रिलात 40 पार होते अन मे मध्ये 44-45. म्हणजे आता जे लावाल त्याची मुळं ते ऊन लागायच्या आत खोल गेली पाहिजेत, एवढाच सगळा खेळ आहे. कोबी अन गाजर हे थंडीचं पीक, ते दिवाळीच्या आगेमागे लावायचं, आता गड्डा नीट धरणार नाही. टमाटर तर लय फसवते. झाड हिरवंगार दिसते, फुलं येतात, पण दिवसा 35 च्या वर गेलं अन रात्रही तापायला लागली की फूल गळून जाते, फळ धरत नाही, अन लोक कृषी केंद्रातून बाटल्या आणून फवारत बसतात. औषधाचा तिथं काही संबंध नसतो. शिमला मिरचीची तीच गत, ती तर टमाटरपेक्षा नाजूक.

मग लावायचं काय तर भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), लवकी (तुमचा दुधी), दोडके, कारले, काकडी, ढेमसं. पालेभाजीत चवळाई (तुमचा माठ-तांदुळजा) अन अंबाडी उन्हाला दाद देत नाहीत. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) आता टाकाल तर होळीपर्यंत खाऊन घ्या, नंतर मेथी-सांभार लगेच फुलावर येतात. वांग्याचं एक सांगतो, शेजारी कोणाकडे पावसाळ्यातली वांग्याची जुनी झाडं असतील अन ते उपटून फेकत असतील तर त्यांना थांबवा. जमिनीपासून फूटभर ठेवून छाटायचं, बुडाशी दोन ओंजळी शेणखत, पाणी, अन तेच झाड नव्यानं फुटते. नवीन रोप लावून वाट पाहण्यापेक्षा हे बरं.

वेळ म्हणाल तर संक्रांतीनंतर थंडी ओसरली की महाशिवरात्रीपर्यंत पेरणी आटपायची. थंडीत भेंडीचं बी उगवत नाही, जमिनीतच सडते, आणि मार्च अर्धा गेल्यावर पेरलं तर फुलोरा नेमका तापत्या उन्हात सापडतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवायचं, कारल्याचं पूर्ण एक दिवस कारण त्याचं कवच लय टणक. पण पाकिटातलं बी गुलाबी नाहीतर हिरव्या रंगाचं असेल तर त्याला औषध लावलेलं असते, ते भिजवू नका, तसंच पेरा, हात साबणानं धुवा आणि लेकरांच्या हाती देऊ नका. भेंडी एक फुटावर ओळ, ओळीत अर्ध्या फुटावर दोन-दोन दाणे. दीड महिन्यात तोड सुरू होते, मग दिवसाआड तोडावीच लागते, एक दिवस जास्त राहिली की जून होते.

आता पाणी, कारण तुमच्याकडे अडचण तीच आहे. 150 चौरस फूट जागा पूर्ण भरली तर एप्रिल-मे मध्ये दिवसाला अंदाजे 80 ते 100 लिटर पाणी पिते, म्हणजे पाच-सहा गुंड (हंडे). 200 लिटरचा एक ड्रम फक्त बागेला दोन दिवस. नळ दिवसाआड, त्यात घरचं पाणी वेगळं, तर हिशोब आताच करा, आणि जमत नसेल तर अर्धीच जागा लावा. फेब्रुवारीत सगळी जागा भरायचा मोह होते अन मे मध्ये सगळंच वाळते. न्हाणीचं साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नका, त्याला एक केळीचं झाड लावून टाका.

काळ्या मातीला भेगा पडतात हे तुम्ही पहिल्यांदाच पाहाल. भेग पडली की मुळं तुटतात अन खालची ओलही त्यातून उडून जाते. म्हणून वाफा पावसाळ्यासारखा उंच न करता जमिनीपेक्षा चार बोटं खाली ठेवायचा आणि रोपं वीतभर झाली की मधल्या जागेत कुटार (मळणीचा भुसा) अंथरायचं, सोयाबीनचं असो की गव्हाचं, गावात कोणीही टोपलंभर देते. फक्त बुडाला चिकटवू नका. खत पूर्ण कुजलेलं पाहिजे, कच्चं शेण टाकलं तर उधई (वाळवी) अन हुमणी आलीच म्हणून समजा. पाणी सकाळी द्या. एखादं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवलं तर त्याच्या भोवतीच्या दोन वेलांना हळूहळू झिरपून मिळते, गावी चार दिवस जायचं असलं तर लय कामाचं.

लवकीवर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त तक्रार तिचीच, "फुलं लय येतात पण लवकी लागत नाही". दोन वेल घराला पुरतात. दीड फुटाचं आळं, त्यात शेणखत, चार-पाच बिया, उगवल्यावर तगडी दोन ठेवून बाकीची उपटा. पहिले सगळी नर फुलंच येतात, घाबरू नका, मादी फुलं मागून येतात. ओळखायचं कसं तर नराचा देठ लांब अन बारीक, आणि मादीच्या फुलामागे बोटाच्या पेराएवढी केसाळ लवकी आधीच असते. आता गोष्ट अशी की लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलते, मधमाश्या तोवर गेलेल्या असतात, काम रात्रीच्या पाखरांच्या (पतंगांच्या) भरवशावर. ती नाही आली तर ती इवलीशी लवकी दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळते. म्हणून दिवेलागणीला जायचं, ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या अन मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवायचा. एका नरात दोन मादी फुलं होतात. दोडक्याचंही फूल संध्याकाळीच उमलते. काकडी-कारल्याचं सकाळी, तिथं मधमाश्या करतात. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांना मादी फुलं जास्त येतात. टिनावर चढवणार असाल तर आधी टिनावर तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) नाहीतर पऱ्हाट्या (कपाशीच्या) पसरा, नाहीतर एप्रिलात तापलेल्या टिनावर वेल पोळून जाते.

आणि तोडलेल्या लवकीची चकती जिभेला लावून पाहायची, कडू लागली तर फेकून द्या, शिजवूनही खायची नाही, रस तर मुळीच नाही. कडू लवकीनं उलट्या-रक्तस्रावापर्यंत जाते, हे हलक्यात घेऊ नका.

किडीचं थोडक्यात. वेलाची दोन-चार पानं असताना लाल भुंगा पानं चाळते, सकाळी दवावर चुलीची राख भुरभुरा. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडायला लागली तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस आहे, झाड बरं होत नाही, उपटून लांब टाका. परभणी कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती नाहीतर बंगळूरूच्या संस्थेची अर्का अनामिका या जाती याच रोगाला टिकतात म्हणून काढलेल्या, आता काही ठिकाणी त्यांच्यावरही दिसते पण साध्या बियापेक्षा बऱ्या. माशीसाठी निंबोळीचा अर्क करा, लिटरला 50 ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबण, अन संध्याकाळी पानाच्या खालून फवारायचं, वरून नाही, माशी खालीच बसते. काकडी-कारले वाकडे होऊन आतून अळ्या निघाल्या तर ती फळमाशी, पडलेली फळं तिथंच सोडू नका, खोल पुरा.

गारपिटीचं काही हातात नसते, 2014 मध्ये याच फेब्रुवारी-मार्चात पडली तेव्हा वावरातलं उभं पीक झोपलं होतं. पण पाच-सात भेंडीच्या बिया मागं राखून ठेवा, गरज पडली तर पुन्हा टोचता येतात.

राहिली माकडं. काळ्या तोंडाची टोळी आली की लवकीची फुलं, काकडी, कोवळे शेंडे, काहीच सोडत नाहीत. कुंपणाचा उपयोग नाही, ते वरून येतात. मच्छीमाराचं जुनं जाळं मांडवावर टाकलं तर बऱ्यापैकी भागते, आणि कारले कडेनं लावा, त्याला ते त्यामानानं कमी तोंड लावतात. बकऱ्या-कोंबड्यांसाठी मात्र तुराट्यांचा ताटवा (कुंपण) पाहिजेच.

तुमच्या जागेला दुपारी सावली कोणत्या बाजूनं येते ते लिहा. पश्चिमेला भिंत असेल तर सोपं आहे, नाहीतर मांडव त्या बाजूला टाकावा लागेल म्हणजे दुपारनंतर त्याच्या सावलीत पालेभाजी येईल.