कुपोषित बाळाच्या स्वादुपिंडावर लगेच शिक्का मारू नका

प्रश्न: ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जला जुलाबाने भरती झालेल्या, वजन घटलेल्या अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूलनिवासी) बाळाच्या शीमध्ये इलास्टेज (स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम) १२० आलं. स्वादुपिंड कायमचं गेलं का? एन्झाइम सुरू करू का?

शी कशी होती ते तुम्ही लिहिलंच नाही. पाण्यासारखी असेल तर १२० हा आकडा धरूच नका. इलास्टेज शीच्या ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. पाणी वाढलं की ते विरळ होतं आणि २०० या नेहमीच्या किमान पातळीच्या खाली सहज उतरतं. शी घट्ट झाल्यावर पुन्हा पाठवा. डायपरमधून खरवडलेली मात्र नको, तो पाणी शोषतो आणि आकडा उलटा फुगतो. अमायलेजचं (पिष्ट पचवणारं एन्झाइम) तर नावच काढू नका: तान्ह्या बाळाचं स्वादुपिंड ते जेमतेम बनवतं, रक्तात दिसतं ते बहुतेक लाळग्रंथींचं.

ॲलिस स्प्रिंग्जच्याच रुग्णालयात लहान अ‍ॅबोरिजिनल मुलांचं रक्तातलं ट्रिप्सिनोजेन (स्वादुपिंड बनवतं ते ट्रिप्सिन एन्झाइमचं कच्चं रूप) तपासलं गेलंय. कमी वजनाच्या मुलांत ते वाढलेलं निघालं. वाढलेलं, घटलेलं नव्हे! पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं. ग्रंथी सुकून गेली की घसरतं. म्हणजे ग्रंथी दुखावलेली आहे, मेलेली नाही. प्रथिनं मिळाली की बहुतेकदा सावरते.

मग जुलाब कशाचे? आधी आतडं बघा. आतड्याच्या लव झडल्या की लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारं एन्झाइम, पहिलं जातं. शीचा पातळ भाग घ्या, लगदा नको: पीएच ५.५ खाली आणि रिड्यूसिंग शुगर (लॅक्टोजसारख्या, रासायनिक चाचणीत दिसणाऱ्या साखरा) ०.५ टक्क्यावर असेल तर लॅक्टोज बंद करून बघा. आहारात साधी साखर (सुक्रोज) असेल तर ही चाचणी फसते, कारण सुक्रोज रिड्यूसिंग नाही. स्ट्रॉंगिलॉइडिस हा आतड्यातला जंतही शोधा.

आणि पोटॅशियम! यावरून मी वॉर्डात कितीदा तरी वाद घातलाय. उत्तर ऑस्ट्रेलियातली ही मुलं बऱ्याचदा पोटॅशियम खाली आणि रक्त आम्लीय अशा अवस्थेत येतात. आम्लता सुधारली की पोटॅशियम पेशींत शिरतं, रक्तात आणखी घसरतं, आतडं थंड पडतं, पोट फुगतं. मग कोणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणतं, ‘स्वादुपिंड असेल.’ साध्या ओआरएसमध्ये लिटरला २० मिलिमोल पोटॅशियम असतं, रिसोमालमध्ये (कुपोषित मुलांसाठीचं ओआरएस) ४०. हा फरक उगाच ठेवलेला नाही.

हां, शी घट्ट होऊनही तेलकट राहिली आणि इलास्टेज पुन्हा कमी आलं, तर घामाची चाचणी (सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी) करा आणि एन्झाइम द्या: १२० मिली दुधामागे २००० ते ४००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम). औषधाचे दाणे कुटू नका, आणि पाजून झालं की तोंड पुसा. हिरडीत अडकलेला दाणा तोंड सोलतो.