टायफॉइडची पीसीआर चाचणी (जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी) रक्तावर नीट का चालत नाही? ती सुधारता येईल का?

मुख्य अडचण यंत्राची नाही, नमुन्याची आहे. टायफॉइडच्या रुग्णाच्या १ मिलि रक्तात बऱ्याचदा जेमतेम एखादा जिवंत जंतू असतो, आणि पीसीआरच्या नळीत जातो त्या रक्ताचा अगदी छोटा अंश. त्यात जंतू आलाच नाही, तर यंत्र कितीही भारी असो, उत्तर निगेटिव्हच येणार. शिवाय पांढऱ्या पेशींमधला आपला भरमसाट डीएनए अभिक्रियेत अडथळा आणतो.

मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे आधी जंतू वाढवा, मग शोधा. रक्त पित्त घातलेल्या पोषक द्रवात काही तास ठेवतात. पित्ताने आपल्या रक्तपेशी फुटतात. टायफॉइडचा जंतू मात्र पित्ताशयातही तग धरणारा, तो टिकतो आणि वाढतो. मोकळा झालेला मानवी डीएनए मग एका एन्झाइमने कापून टाकायचा. जंतूचा डीएनए त्याच्या भिंतीआड सुरक्षित राहतो. त्यानंतर पीसीआर.

तरीही ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची चाचणी, सोडू नका. ते साधारण ६० टक्केच रुग्ण पकडतं, पण कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल हे तेच सांगतं. म्हणून शक्यतो पहिला डोस घेण्याआधी रक्त द्या. १८९६ पासून चालत आलेल्या विडाल या रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीवर एकटीवर विसंबू नये. जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.